छत उतरल्यानंतरची रेखाटने

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग किल्ल्यात पाचव्या जेम्स राजाने सुमारे १५४० साली उभारलेल्या राजवाड्याच्या छताला ओक लाकडात कोरलेली, जवळपास मीटरभर व्यासाची वर्तुळाकार मुखशिल्पे जडवलेली होती. १७७७ मध्ये त्यांपैकी एक कोसळल्यावर संपूर्ण छतच उतरवले गेले आणि ही शिल्पे घरोघरी पांगली. किल्ल्याच्या उपप्रमुखाच्या पत्नी जेन ग्रॅहम यांनी उपलब्ध शिल्पांची रेखाटने केली, जी एडवर्ड ब्लोर यांच्या साहाय्याने १८१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे आगीत नष्ट झालेली काही मुखशिल्पे आज त्या रेखाटनांतूनच ओळखता येतात. मात्र स्थापत्यात ज्याला छत-आराखडा म्हणतात, म्हणजे छताची खालून दिसणारी मांडणी मापासह दाखवणारे चित्र, ते छत उतरवण्यापूर्वी कोणीही काढून ठेवले नाही, आणि ही उणीव शिल्पांच्या नाशाइतकीच गंभीर मानावी लागेल, कारण कोणता चेहरा कोणाशेजारी होता यातच दरबाराचा राजकीय आशय सामावलेला असतो. परिणामी २०११ मध्ये खुल्या झालेल्या पुनर्रचित दालनांतील नव्याने कोरलेल्या शिल्पांचा क्रम आणि त्यांचे झगझगीत रंग यांना बऱ्याच अंशी अभ्यासकांच्या अनुमानाचाच आधार आहे.