मामाची पोतडी : रुमालाची परीक्षा

दोस्तांनो, आज पोतडीतून एक रुमाल काढतोय. पांढराशुभ्र, पण मधोमध करड्या रंगाचा डाग पडलेला. धोबी म्हणतो, जाणार नाही. मी म्हणतो, जाऊच नको! का, ते ऐका.

माझी ताई बदलापूरला राहते. घरी ताई, भावोजी, आजी म्हणजे ताईच्या सासूबाई, नववीतली भाची आणि तिसरीतला भाचा. भाच्याला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप तो रोज न चुकता घेतो. पण धूळ नाकात गेली की त्याची छाती शिट्टी वाजवायला लागते. आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही जा, शेजारी एक तरी इमारत उभी राहतच असते. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्यावं!

गेल्या दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाडूने धूळ उडवून पोराला त्रास कशाला देता? आमचा व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावर पडलाय. घेऊन जा." झालं! गाद्या, सोफा, पडदे, पंख्याची पाती, सगळं कसं लख्ख झालं. भाचा तर ती नळी हत्तीच्या सोंडेसारखी नाचवत मशीनच्या मागे मागे फिरत होता.

रात्री अकरा वाजता त्याला दम लागला. भावोजींनी त्याला उचललं, ताईने फाईल घेतली आणि दवाखाना गाठला. नेब्युलायझरने औषधाची वाफ दिल्यावर श्वास मोकळा झाला. घरी यायला रात्रीचा एक वाजला. तोवर आजी देवापाशी बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यापेक्षा माझी केरसुणी काय वाईट होती?"

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन. "मामा, मशीनने धूळ ओढून घेतली ना? मग याला त्रास का झाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी अंबरनाथहून लोकल पकडली आणि गेलो.

मागच्या बाजूला बघा!

दुपारचं ऊन खिडकीतून आत येत होतं. आम्ही भाच्याला आजींबरोबर खाली पाठवलं, बाकीची दारं-खिडक्या लावल्या आणि मशीन सुरू केलं. भाची म्हणाली, "ओढतंय की छान!" मी म्हटलं, "पुढे बघू नकोस. मागे बघ."

मशीनच्या मागच्या जाळीतून हवा बाहेर येत होती, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक बारीक कणांचा नुसता धूर दिसत होता!

व्हॅक्यूम क्लीनरमध्ये असतो एक मोटर लावलेला पंखा. तो आतली हवा मागे फेकतो, त्यामुळे आतला हवेचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून ती नळीतून आत घुसते आणि येताना धूळ घेऊन येते. शहाळ्याचं पाणी नळीने पिताना हेच होतं. तुम्ही नळीतली हवा काढता आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. म्हणजे मशीनमध्ये हवा जितकी आत येते, तितकी बाहेरही जाते. मधे असते फक्त एक पिशवी किंवा गाळणी. तीच फाटकी किंवा जाड विणीची असेल तर? केस, कागदाचे कपटे, खडे अडकतात आणि सगळ्यात बारीक धूळ मागच्या दाराने पुन्हा घरात! तीही थेट नाकाच्या उंचीवर.

मी खिशातला रुमाल त्या जाळीवर धरला. दोन मिनिटांनी काढला तर हा डाग! भाचीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आपण काल दिवसभर..." पुढे ती काही बोललीच नाही.

दोन माणसांची गोष्ट

रुमालाची ही युक्ती माझी नाही बरं का. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने खुर्चीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. स्वतः ठसकला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. (तुम्ही मात्र हे तोंडाने करू नका!) मग त्याने जे यंत्र बनवलं, ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करावं लागे आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात नेत.

दुसरा माणूस अमेरिकेतला. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा. आणि त्याला होता दमा! झाडू मारला की खोकल्याची उबळ. नोकरी सोडली तर खायचं काय? १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि पुढे हूव्हर नावाच्या चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या उद्योजकाने ते विकत घेतलं.

भाच्याला ही गोष्ट फार आवडली. "म्हणजे माझ्यासारख्याच माणसाने शोधलं?" त्याने तीनदा विचारलं.

आपल्याकडे हे यंत्र घरोघरी माहीत झालं ते दारावर येणाऱ्या विक्रेत्यांमुळे. टाटा समूहातली फोर्ब्ज आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून १९८२ साली 'युरेका फोर्ब्ज' सुरू केली. त्यांचे टाय लावलेले विक्रेते बेल वाजवायचे आणि दिवाणखान्यातच यंत्र चालवून दाखवायचे. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

उल्हासनगरची खरेदी

भावोजींनी ठरवलं, बोनसमधून नवीन घ्यायचं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आमची वरात उल्हासनगरच्या दुकानात. भाचीने वहीत प्रश्न लिहून आणले होते आणि रुमाल तर माझ्या खिशात होताच.

भावोजींचा डोळा गेला एका लालचुटुक मशीनवर. २००० वॉट! "पॉवर बघ पॉवर!" भाचीने पेन काढलं. "बाबा, वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ८.७ अँपिअर. आपल्या हॉलमधला प्लग ६ अँपिअरचा. मोठा प्लग फक्त फ्रिजपाशी आणि गिझरपाशी. मग गाद्या काय बाथरूममध्ये न्यायच्या?"

शिवाय वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं ते. धूळ किती खातं ते नव्हे! युरोपात तर कायद्यानेच घरगुती मशीनला २०१४ पासून १६०० वॉटच्या आतली आणि २०१७ पासून ९०० वॉटच्या आतली मोटर ठेवायला लावली. चांगली बनवलेली मशीन तेवढ्यातही काम करतात.

काही खोक्यांवर ओढण्याचा जोर 'किलोपास्कल' मध्ये छापलेला असतो. तोही एकटा पुरत नाही. नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरा. जोर सगळ्यात जास्त, पण हवा वाहतेय का? नाही! धूळ वाहून न्यायची तर जोरही हवा आणि हवेचा प्रवाहही. आणि पिशवी गच्च भरली की दोन्ही कमी होतात.

मग आला 'हेपा' फिल्टर. याचा पूर्वज दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुसंशोधनात किरणोत्सारी कण अडवायला वापरला गेला. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण १०० टक्क्यांपैकी ९९.९७ टक्के अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. मात्र खोक्यावर 'हेपासारखा' असं लिहिलं असेल तर सावध! आणि फिल्टर चांगला पण झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल, तर दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा प्रकार.

भाचीने दुकानदारांना विचारलं, "काका, चालू करून दाखवता?" लाल मशीनच्या मागे रुमाल धरला. करडी छटा आली. कोपऱ्यातल्या एका साध्या, निळ्या, १००० वॉटच्या मशीनमागे धरला. रुमाल कोराच. दुकानदार हसले. "बेटा, बीस साल से बेच रहा हूँ, पीछे किसी ने नहीं देखा!"

एक खरं सांगून ठेवतो. रुमाल काही हेपा नव्हे. डाग पडला तर मशीन नापास, हे नक्की. पण डाग पडला नाही म्हणून पहिला नंबर असं नाही. त्यासाठी फिल्टरची माहिती वाचायलाच हवी.

मग उरलेले प्रश्न. जमिनीवर आपोआप फिरणारा रोबो घ्यावा का? तो गादीवर चढणार नाही, उंबरठ्याशी अडेल. आणि ताईच्या घरी जमिनीला फरशी. ती ओल्या फडक्याने पुसली की काम भागतं. खरी धूळ गाद्या-सोफ्यात. पिशवीचं की डब्याचं? डबा रिकामा करताना धूळ उडते. पिशवी तोंड बंद करून टाकता येते, म्हणून पिशवीचं. पण पिशव्या पुढे मिळतील ना, किती रुपयांना? तेही विचारलं. शेवटी आजींनी मशीन हाताने उचलून पाहिलं. "हे मला झेपेल," त्या म्हणाल्या. निळं मशीन घरी आलं.

मशीन आलं, आता पुढे?

डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "छान. पण याने दमा बरा होत नाही. पंप बंद करायचा नाही. आणि साफसफाई चालू असताना हा खोलीत नको."

गादीत डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे धुळीचे किडे राहतात. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात. त्यांना दमट हवा आवडते आणि आपल्याकडे चार महिने पाऊस! त्यांच्या विष्ठेमुळे अनेकांचा दमा बळावतो. मशीन वरवरची धूळ काढतं, पण जिवंत किडे धाग्यांना घट्ट धरून बसतात. म्हणून चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवायचे. गाद्या उन्हात टाकून खडखडीत वाळवायच्या. हे ऐकून आजी पदराआड हसल्या. "चाळीस वर्षं मी दुसरं काय करत होते?"

आता ताईच्या घरी कामं वाटलेली आहेत. रविवारी मशीन चालवतात भावोजी, कारण एकट्या ताईनेच का चालवावं? पिशवी बदलते भाची, तोंडाला मास्क लावून, गॅलरीत. भाचा तेवढा वेळ आजींबरोबर खाली खेळतो. वर येण्याआधी तो जिन्यातून ओरडतो, "रुमाल पाहिला का?"

दमा गेला का? नाही. फेब्रुवारीत एकदा पुन्हा रात्री दवाखाना गाठावा लागला. पण साफसफाईच्या दिवशी रात्री जागरण झालं, असं मात्र परत घडलेलं नाही.

तर दोस्तांनो, तुमच्या घरी हे यंत्र असेल तर या रविवारी मोठ्यांच्या मदतीने त्याच्या मागे एक स्वच्छ रुमाल धरा. ज्याला दम्याचा त्रास आहे, त्याला आधी बाहेर पाठवा. नसेल यंत्र तर उन्हाच्या पट्ट्यात सतरंजी झटका आणि धूळ कुठे जाते ते बघा. काय दिसलं, ते मला पत्राने कळवा. आणि हो, रुमाल पाकिटात घालून पाठवू नका हं!

तुमचा,
मामा