सहाणेवरचे सांबरशिंग

नारायण पेठेतल्या जुन्या घरांत आजीच्या बटव्यात वेखंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्या जोडीला सांबरशिंगाचा तुकडा असे. बरगडीत कळ आली की तो सहाणेवर उगाळून लेप घालायचा. सांबर मारले कुणी, असे कुणी विचारत नसे. शिंगे दरसाल गळतात, रानात कुणीतरी वेचतो, हे उत्तर तयार होते.

ते खोटेही नव्हे. काळविटाची शिंगे जन्माची. सांबर-चितळाची मात्र गळून नवी येतात. मग गळलेल्या शिंगात पाप कसले?

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, पुढच्या दुरुस्त्यांसह, शिंग सरकारी मालमत्ता मानतो. हाती आले तर ४८ तासांत कळवावे लागते. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे असेल, मला हे पटते. गळलेल्या शिंगाच्या बुडाशी गोल कंगोरा असतो, मारलेल्याच्या बुडाशी बहुधा कवटीचे हाड. अखंड शिंग साक्ष देते. तुकडे केले, भस्म केले, की साक्ष संपली.

अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सनला स्काउटची मुले एल्कची शिंगे परवानगीने वेचतात. लिलावाचा बराचसा पैसा अभयारण्यालाच जातो. छान आहे. पण मेळघाटात वेचणाऱ्यामागोमाग फासेवाला शिरला, तर ओळखणार कोण? शिवाय रानातले शिंग वाया जात नाही, साळिंदर ते कॅल्शियमसाठी कुरतडते.

राहिला बटव्यातला तुकडा. वनखात्याने वर्षातून एक दिवस, चौकशीचा ससेमिरा न लावता, असे तुकडे पेठेत येऊन जमा करून घ्यावेत. पावती मात्र द्यावी.