सत्तावीस तासांचा दिवस आणि सोलापूरचा दांडा

आजचा धागा आफ्रिकेतील खेड्यांच्या पाण्याविषयी आहे. आणि त्याहून अधिक, ते पाणी देणाऱ्यांच्या कौतुकाविषयी. कापलेली फीत, टाळ्या, नव्या पंपाभोवती हसणारी मुले. अशी चित्रफीत आपण सर्वांनी कधी ना कधी पुढे पाठवलेली असते. दान वाईट, असे मी म्हणत नाही. पण फीत कापली की गोष्ट संपली, असे मानणारा इतिहास खोटा आहे, आणि तोच सर्वाधिक वाचला जातो.

सप्टेंबर २००६, न्यूयॉर्क. क्लिंटन यांच्या जागतिक परिषदेत अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा केली. ही रक्कम होती ‘प्लेपंप’साठी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ही कल्पना अशी : शाळेच्या आवारात मुलांनी बसून फिरवायचे गोल चक्र, ते फिरले की जमिनीखालचे पाणी उंचावरील टाकीत चढते. टाकीच्या चार बाजूंना फलक, त्यांवर जाहिराती, आणि जाहिरातींच्या पैशातून दुरुस्ती. खेळही झाला, पाणीही आले! जागतिक बँकेने २००० सालीच या कल्पनेला पारितोषिक दिले होते. संकल्प होता २०१० पर्यंत ४,००० पंप आणि १ कोटी माणसांना पाणी.

आता पाटी-पेन्सिल घ्या. १ कोटी भागिले ४,००० म्हणजे एका पंपामागे २,५०० माणसे. आपत्तीच्या काळात माणशी किमान १५ लिटर लागतात असे मानले जाते. तेवढेच धरले तरी रोज ३७,५०० लिटर. उत्पादकांच्याच दाव्यानुसार चक्र न थांबता फिरले तर तासाला १,४०० लिटर पाणी चढे. भागाकार करा : मुलांनी दिवसाला जवळजवळ २७ तास खेळायला हवे होते. ‘गार्डियन’ या वृत्तपत्राने हा हिशेब २००९ मध्ये छापला. तो २००६ मध्ये व्यासपीठावरील एकालाही सुचू नये?

जे व्हायचे तेच झाले. मुले कंटाळली, आणि ते जड चक्र कमरेत वाकून फिरवण्याचे काम बायकांच्या वाट्याला आले. आडगावातल्या टाकीवर जाहिरात देणार कोण? फलक कोरे राहिले, दुरुस्तीचा पैसा आलाच नाही. २००७ मध्ये युनिसेफच्या पाहणीनेही या अडचणी नोंदवल्या होत्या. २०१० मध्ये संस्थेने आपला कारभार दुसऱ्या संस्थेच्या हाती सोपवला.

‘निदान काहीतरी केले ना?’ हा प्रतिवाद मला ठाऊक आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही. हे चक्र साध्या हातपंपाच्या सुमारे चौपट किमतीचे होते. आणि अनेक ठिकाणी ते बसवण्यासाठी तिथला हातपंप काढून टाकला गेला. असलेले काढून घेणे म्हणजे ‘काहीतरी करणे’ नव्हे.

त्या काढलेल्या हातपंपाची कुळकथा मात्र आपल्या दाराशी येते. १९६० च्या दशकातील दुष्काळांत महाराष्ट्रात कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप परदेशी नमुन्याचे, एका कुटुंबापुरते बेतलेले. अख्खे गाव दिवसभर दांडा मारू लागले की ते मोडत. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत यावर उपाय शोधला गेला : पोलादी बांधणी, सांधे कमी, दांड्याला एकच आस, आणि दांड्यापासून खाली सळईला जोडणारी साखळी. या ‘सोलापूर पंपा’वरूनच १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा एक कारखाना यांनी मिळून ‘इंडिया मार्क टू’ घडवला. त्यावर पेटंट ठेवले नाही. ज्याला जमेल त्याने बनवावा. तो लाखोंच्या संख्येने जगभर गेला, आफ्रिकेतही. त्याच्यासाठी कुणी व्यासपीठ उभारल्याचे माझ्या वाचनात नाही.

म्हणून मार्क टूची आरती ओवाळू नये. त्याचे खालचे भाग काढायला तिवई आणि चार माणसे लागत, आणि आम्लधर्मी पाण्यात त्याचे लोखंडी पाइप गंजत. आफ्रिकेतील अभियंत्यांनी आणि गावकऱ्यांनी हे दोष हेरले. मलावी आणि केनियात १९८० च्या दशकात ‘आफ्रिदेव’ तयार झाला : प्लास्टिकचा पाइप, आणि तो न उपसता वरूनच बाहेर काढता येणारा दट्ट्या. केनियाच्या किनाऱ्यावरील क्वाले भागात गावच्या बायका ही दुरुस्ती शिकल्या, त्यांच्या समित्यांनी वर्गणी जमवली. तरीही २००९ च्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील सुमारे एक-तृतीयांश हातपंप बंद होते. कारण सुटे भाग शहरात आणि पंप खेड्यात. आणि वॉशरच्या दुकानासाठी देणगी मागितली तर चित्रफीत बनत नाही.

शाळांचेही तेच. स्वातंत्र्यानंतर केन्यातांनी ‘हरांबे’ची, म्हणजे ‘सारे मिळून ओढू या’ अशी हाक दिली. (‘हर अंबे’वाली व्युत्पत्ती कृपया प्रतिसादांत आणू नये.) गावांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने इतक्या माध्यमिक शाळा उभ्या केल्या, की १९७० च्या दशकात त्यांची संख्या सरकारी अनुदानित शाळांच्या पुढे गेली. भिंती गावाने उभारल्या. कमतरता होती प्रशिक्षित शिक्षकांची. त्यांचा पगार सरकारने द्यावा, ही मागणी गावांनी वर्षानुवर्षे लावून धरली. पुढे २००३ मध्ये सरकारने प्राथमिक शाळेचे शुल्क रद्द केले, आणि एका वर्षात पटावरील मुले सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. एका वर्गात शंभर-शंभर मुले बसली, फळ्यापुढे शिक्षक एकच. परदेशातून आलेले पाहुणे तेव्हाही नव्या खोलीच्या भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावत होते.