लालबागची तिखट गल्ली

एप्रिल-मे महिन्यात आई-आजी मसाला करायला निघाल्या आणि "चल रे, पिशव्या धरायला!" अशी हाक आली, तर तोंड वाकडं करू नका. खिशात रुमाल घाला आणि निघा लालबागला!

तिथल्या मिरची गल्लीत डोळ्यांच्या आधी नाकालाच बाजार कळतो. फटाफट शिंका! दोन्ही बाजूंना लालभडक मिरच्यांचे ढीग. सुरकुतलेली ती बेडगी. ती मूळची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. रंग झकास, तिखटपणा बेताचा. शेजारची संकेश्वरी मात्र झणझणीत! म्हणून जाणती माणसं एकीवर भागवत नाहीत, दोन-तीन जाती मिसळतात. मग धणे, नागकेशर, दगडफूल. गंमत म्हणजे, दगडफूल हे फूलच नव्हे! खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारी ती बुरशी आणि शेवाळाची जोडगोळी. सगळं भाजायचं आणि डंकावर कुटायला द्यायचं. धाड-धाड-धाड! झाला वर्षाचा मसाला तयार.

लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. कापड गिरण्यांत कामाला कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यांच्याबरोबर गावची चवही आली. कुणाला मालवणी मसाला हवा, कुणाला घाटी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडली, भोंगे थांबले, टॉवर उभे राहिले. कितीतरी कुटुंबं लांब उपनगरांत राहायला गेली. तरी मसाल्यासाठी लोक लांबून लालबागलाच येतात. पत्ता बदलला, चव नाही!

आणि मिरची तरी इथली कुठे? तीही पाहुणीच! अमेरिका खंडातली ही मिरची सुमारे 500 वर्षांपूर्वी पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली.

सिंगापूरच्या खाद्यबाजारांत चिनी, मलय, भारतीय पदार्थ शेजारीशेजारी मिळतात. 2020 मध्ये युनेस्कोने या परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. ते बघायला लोक विमानाने जातात. आपली मिरची गल्ली तर चिंचपोकळी किंवा करी रोड स्टेशनवरून चालत गाठता येते!

आता एक काम करा. आपल्या घरच्या मसाल्यात काय-काय, किती-किती पडतं, ते आजीला विचारून वहीत उतरवून ठेवा. पुष्कळ घरांत हा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो, तो फक्त तिच्या डोक्यात असतो.