मातीच्या भांड्यातला नवा सूर

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ग्रीनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती कॉलेजात संगीत शिकणाऱ्या चार पोरांनी १९९३ च्या सुमारास एकत्र गाणी रचायला आणि कॉलेजच्याच स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. बँडला नाव हवं होतं, ते त्यांना बायबलमध्ये सापडलं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने देवाच्या ठेव्याला अनमोल म्हटलं आहे आणि तो ज्यात ठेवला जातो त्या माणसाला मातीचं भांडं म्हटलं आहे. म्हणून बँड झाला ‘जार्स ऑफ क्ले’, मातीची भांडी. पुढच्या वीस वर्षांत या बँडने आपल्या संगीताचा बाज अनेकदा बदलला. गाण्यांतली श्रद्धा मात्र तीच राहिली. ख्रिस्ती रॉकच्या दुनियेत हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही, आणि म्हणूनच त्याची नीट दखल घ्यायला हवी.

सुरुवात झोकात झाली. १९९४ मध्ये नॅशव्हिलला गॉस्पेल म्युझिक असोसिएशनची नवोदितांसाठी स्पर्धा होती. ती या मुलांनी जिंकली आणि रेकॉर्ड कंपन्या मागे लागल्या. शिक्षण अर्धवट सोडून नॅशव्हिल गाठायचं ठरलं. चौघांपैकी एकाने पदवी पूर्ण करणं पसंत केलं आणि त्याच्या जागी मॅट ओडमार्क आला. गायक डॅन हेझल्टाइन, कीबोर्डवर चार्ली लोवेल, गिटारवर स्टीफन मेसन आणि मॅट ओडमार्क हा संच पुढे कायम झाला. १९९५ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातल्या दोन गाण्यांची निर्मिती ‘किंग क्रिम्झन’ या प्रयोगशील रॉक बँडचा गिटारवादक एड्रियन बेलू याने केली. त्या दोनांतलं एक होतं ‘फ्लड’.

‘फ्लड’ आजही ऐकून पाहावं. इलेक्ट्रिक गिटारचा गडगडाट नाही. साध्या अकूस्टिक गिटारच्या तारांवर हात झपाट्याने फिरतो आणि खाली ठेका पळत राहतो. महापुरात सापडलेला माणूस देवाला हाक मारतो आहे. मग मध्येच सगळं थांबल्यासारखं होतं, तंतुवाद्यं पुढे येतात, आवाजावर आवाज चढत जातात, जणू पाण्याखालून ऐकू येतंय, आणि पुन्हा तो ठेका उसळतो. हे गाणं ख्रिस्ती रेडिओपुरतं राहिलं नाही. सर्वसाधारण रॉक स्टेशनांनी ते वाजवलं, बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते ३७ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि अल्बमच्या एकट्या अमेरिकेत २० लाखांवर प्रती खपल्या.

इथून खरी परीक्षा सुरू झाली. एवढं यश मिळालं की बाजार कलावंताला सांगतो, हेच पुन्हा कर. ख्रिस्ती संगीताच्या बाजाराचा त्यात आणखी एक ताण असतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत तक्ते लावलेले असत: तुमच्या मुलाला अमुक प्रसिद्ध बँड आवडतो का, मग त्याला हा ख्रिस्ती बँड ऐकवा. काळजीत पडलेल्या आईबापांसाठी ती सोय होती. पण संगीताचं तिने नुकसानच केलं. शैली म्हणजे वेष्टन आणि श्रद्धा म्हणजे आतला माल, वेष्टन लोकप्रिय बँडसारखं दिसलं की काम झालं, असा त्याचा अर्थ होतो. अशा हिशेबाने बदललेली शैली कानाला लगेच कळते. सूर उसना वाटतो.

जार्स ऑफ क्लेने तो हिशेब मांडला नाही. १९९७ चा ‘मच अफ्रेड’, १९९९ चा ‘इफ आय लेफ्ट द झू’ आणि २००२ चा ‘द इलेव्हन्थ अवर’ या तीनही अल्बमना ग्रॅमी मिळालं, आणि तीनही एकमेकांसारखे नाहीत. तरी बँडचं सर्वांत धाडसी पाऊल त्यानंतरचं आहे.

२००३ च्या अखेरीस ‘हू वी आर इन्स्टेड’ आला. रेडिओला आवडणारा घोटीव ध्वनी बाजूला ठेवून हे चौघे अमेरिकेच्या लोकसंगीताकडे, कंट्री, ब्लूज आणि जुन्या गॉस्पेलकडे वळले. स्टीफन मेसनच्या हाती लॅप स्टील आलं. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि पडदे न दाबता धातूची कांडी तारेवरून सरकवत सूर ओढतात. मूळ हवाई बेटांचं हे वाद्य आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणून ओळखीचं आहे. त्याचा गुण आपल्या कानाला समजावून सांगावा लागत नाही, कारण तो मींडेचा गुण आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणं, मधली सगळी वेदना ऐकवत जाणं. पश्चात्ताप, थकवा, दयेची याचना हे या बँडचे विषय पहिल्यापासून होते. त्यांना साजेसा आवाज त्यांना इथे सापडला.

त्याच वाटेने पुढे गेल्यावर २००५ मध्ये ‘रिडेम्प्शन साँग्ज’ आला. यात बँडने मुख्यतः चर्चची जुनी गीतं घेतली, काहींना नव्या चाली दिल्या, काहींना नवा साज चढवला. त्या सुमारास नॅशव्हिलच्या विद्यार्थी मंडळांत जुन्या स्तोत्रांच्या शब्दांना नव्या चाली लावण्याची एक चळवळच उभी राहिली होती. गेल्या शतकांतल्या कवींचे शब्द तरुणांना पुन्हा गावेसे वाटत होते, पण ऑर्गनच्या जडशीळ लयीत नाही.

या अल्बमातल्या एका गीतामागची हकिकत फार जुनी आहे. होरेशिओ स्पॅफर्ड हा शिकागोचा वकील. १८७३ मध्ये त्याची पत्नी आणि चार मुली बोटीने युरोपला निघाल्या. अटलांटिकमध्ये बोटीची टक्कर झाली आणि चारही मुली बुडाल्या. पत्नी तेवढी वाचली. त्या दुःखातून स्पॅफर्डने लिहिलेलं गीत इंग्रजी बोलणाऱ्या चर्चांमध्ये आजही अंत्यविधीला गातात. असं गीत हाती घेताना रॉक बँडने काय करावं? जार्स ऑफ क्लेने आवाज चढवला नाही, करामती केल्या नाहीत. शब्दांना जागा दिली. नव्या शैलीची कसोटी मला विचाराल तर इथे लागते: तिच्यामुळे शब्द पुढे आले की मागे पडले?

आणखी एका गाण्यात त्यांच्यासोबत ‘ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ गातात. हा गायकसंघ १९३९ चा, अलाबामातल्या अंध कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत सुरू झालेला. पंचविशी-तिशीत रेडिओ गाजवलेल्या गोऱ्या पोरांनी गॉस्पेलचा ढंग नुसता उचलला असता तर ती पुन्हा उसनवारीच झाली असती. ज्यांनी तो ढंग आयुष्यभर जपला त्यांना शेजारी उभं करून त्यांच्याबरोबर गाणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या घोगऱ्या, वयाने पिकलेल्या आवाजांपुढे हेझल्टाइनचा आवाज नम्र होतो, आणि ते ऐकू येतं.

ख्रिस्ती रॉकवर आक्षेप घेणारे कायम होते. टीव्हीवरचे प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये या संगीताविरुद्ध पुस्तकच लिहिलं आणि त्याला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवलं. ठेका सैतानाचा असेल तर शब्द देवाचे असून उपयोग काय, असा एकूण सूर. या आक्षेपामागची कळकळ खोटी नसेल, पण इतिहास कच्चा आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही गायिका अर्कान्सामध्ये जन्मली, चर्चमध्ये वाढली, आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून देवाची गाणी गात असे. १९४४ मध्ये तिने ध्वनिमुद्रित केलेलं गॉस्पेल गाणं अनेक अभ्यासक रॉकच्या उगमाशी ठेवतात. म्हणजे रॉक चर्चमध्ये बाहेरून शिरला नाही. त्याचं एक मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येच होतं. जार्स ऑफ क्ले गॉस्पेलकडे वळले तेव्हा ते परक्या घरी गेले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. जो बँड दर अल्बमला बाज बदलतो त्याला स्वतःचा आवाज आहे तरी का? उत्तर अल्बमगणिक द्यावं लागतं. २००९ च्या ‘द लाँग फॉल बॅक टू अर्थ’मध्ये ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरचा चकचकीत ध्वनी आहे. तो आकर्षक आहे, पण काही ठिकाणी साजच जास्त ऐकू येतो. २००३ आणि २००५ चे अल्बम तसे नाहीत. प्रत्येक बदल सारख्याच मोलाचा ठरत नाही, आणि बँडच्या चाहत्यांनी तसं म्हणण्याची गरजही नाही. पण एखादा प्रयोग कमी साधला म्हणून प्रयोग करणाऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेणं अन्यायाचं आहे. या मंडळींच्या निष्ठेचा दुसरा पुरावा गाण्यांच्या बाहेर आहे. आफ्रिकेतलं पाण्याचं आणि एड्सचं संकट पाहून त्यांनी २००४ मध्ये ‘ब्लड वॉटर मिशन’ ही संस्था उभी केली आणि १,००० विहिरींचा संकल्प सोडला. तो २०१० पर्यंत पुरा झाला.

मराठी वाचकाला हा सगळा वाद दूरचा वाटायचं कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी ख्रिस्ती उपासनेत मुख्यतः इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर गायली जात. शब्द मराठी, पण मराठी माणसाच्या तोंडी न बसणारे. टिळक अहमदनगरला राहिले आणि त्यांनी ख्रिस्तासाठी अभंग रचले, भजनं रचली, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, जे पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. लोकांना ओढण्यासाठी घातलेला तो वेष नव्हता. ती त्यांची घरची बोली होती. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीतं आहेत आणि मराठी चर्चमध्ये दर रविवारी ती गायली जातात.

आता टिळकांना जाऊन शंभरावर वर्षं झाली. त्यांची भजनं पेटी-तबल्यावर गाणाऱ्या पिढीची नातवंडं गिटार आणि कहोन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका, घेऊन चर्चमध्ये येतात. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर गातो आणि तरुण गर्दी करतात. चर्चमध्येही हे होऊ शकतं. अडतं ते बहुधा पहिल्याच प्रश्नाशी: ही चाल कुठली, पूर्वीची का नाही?

चर्चच्या वडीलमंडळींना आणि पाळकांना म्हणून एक विनंती. ‘रिडेम्प्शन साँग्ज’ एकदा शांतपणे ऐका. मग मंडळीतल्या तरुणांच्या हाती ‘उपासना संगीत’ द्या, त्यातली टिळकांची चार गीतं त्यांना निवडू द्या आणि चाल त्यांनाच लावू द्या. ती गाऊन दाखवतील तेव्हा ड्रम किती मोठा वाजला ते नंतर बघा. आधी टिळकांचे शब्द स्पष्ट ऐकू आले का, ते सांगा.