तांबडा की पांढरा?

शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरता भरता मेल येतो, ‘सोमवारपासून नवी सिस्टिम. सर्वांनी सहकार्य करावे.’ झालं, वीकेंडचा बोऱ्या! ओळखीचं वाटतंय ना?

माझ्या पहिल्या नोकरीत असाच फतवा निघाला होता. वीस वर्षं लाल पेनानं प्रुफं तपासणारे आमचे काका सोमवारी थेट कॉम्प्युटरसमोर. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. जमत नव्हतं असं नाही. ‘मला कुणी विचारलंच नाही गं,’ एवढंच म्हणाले.

पुढच्या ऑफिसात बरोब्बर उलटं. वर्कशॉप झाली, फुगे फोडले, पन्हाळ्यावर आउटिंग झालं. कामाची पद्धत मात्र जैसे थे!

मॅनेजमेंटवाले पहिल्या प्रकाराला ‘हार्ड’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सॉफ्ट’. हार्वर्डच्या मायकेल बीअर आणि नितीन नोहरिया यांनी २००० साली त्यांना ‘थिअरी ई’ आणि ‘थिअरी ओ’ अशी नावं दिली. ‘ई’मध्ये वरून हुकूम, आकडे, कपात. ‘ओ’मध्ये माणसं, त्यांचं शिकणं, ऑफिसचं कल्चर. दोन्ही एकत्र जमवणं अवघड, पण टिकाऊ बदल त्यातूनच होतो, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या कोल्हापुरात हे त्याआधी शंभर वर्षं घडलंय. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले, तेव्हा कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. २६ जुलै १९०२ ला महाराजांचा हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांतून भरायच्या, आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा रिपोर्ट पाठवायचा. एकदम झणझणीत तांबडा रस्सा! १९१७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. पोराला शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना महिना १ रुपया दंड.

पण जागा भरायला शिकलेली पोरं कुठून आणणार? त्याची तयारी हुकमाच्या आधीच सुरू झाली होती. १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. आणि गंगाराम कांबळेंचं हॉटेल? अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ. महाराज आपली गाडी तिथं थांबवायचे, स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. हा पांढरा रस्सा.

१९१२ पर्यंत कारभारातल्या जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यात ब्राह्मण अधिकारी होते ३५. नुसत्या गोड बोलण्यानं हा आकडा हलला नसता. आणि नुसत्या हुकमानं कुणी गंगाराम यांच्या हॉटेलात बसलं नसतं.

मान्य, आपण काही राजे नाही. पण उद्या तुम्ही टीम लीडर व्हाल आणि तो शुक्रवारचा मेल तुम्हालाच टाइप करावा लागेल. तेव्हा तारीख ठरवा, कुणी काय करायचं ते स्पष्ट लिहा, हिशेबही मागा. तिथं मुळमुळीतपणा नको. फक्त ‘सेंड’ दाबण्याआधी उठा आणि ज्याच्या हातातलं लाल पेन जाणार आहे, त्याला खाली टपरीवर चहाला घेऊन जा. विचारा, ‘काका, हे कसं करूया?’

ताटात दोन्ही वाट्या हव्यात, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला हवं का?