प्रमाण १ : ७२

गड्या, तुझ्या टेबलावर अमेरिकेचं बी-२९ आहे. ४३ मीटरचे पंख ६० सेंटिमीटरवर आणलेस. रिव्हेटन् रिव्हेट मोजलास, रंगाची छटा चुकली म्हणून झोप उडाली तुझी. नाकाजवळ नाव चिकटवलंस : एनोला गे. वैमानिक टिबेट्सच्या आईचं नाव. बॉम्बचं नाव 'लिट्ल बॉय'. म्हणजे आई आणि पोर! ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. हिरोशिमा. वर्ष संपेतो सुमारे १,४०,००० मेले.

खोक्यात वैमानिक मिळतो. खालची माणसं कुठायत?

म्हणे, छंदात राजकारण नको! अरे, १९९५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात याच विमानाचं प्रदर्शन होतं. तिथं हिरोशिमातल्या शाळकरी पोरीचा जळका डबा ठेवायचं ठरलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या. डबा गेला. संचालकांनी राजीनामा दिला. विमान तेवढं दिमाखात राहिलं. हे राजकारण नाही, तर काय?

तू बनव विमान, खुशाल बनव. पण प्रमाण सगळ्यांना एकच लाव. १ : ७२ मध्ये तो डबा तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा होणार नाही. तेवढी जागा नाही तुझ्या टेबलावर?